झारीभर पाऊस

आपल्या डाव्या अंगठ्याला एवढा मान आहे, हे पुतळाबाईला साठी उलटल्यावर कळलं.

चैत्र संपल्यापासून तिच्या दारात कधी नव्हे एवढी वर्दळ सुरू झाली होती. धाकटा भाऊ बुधाजी रसायनीच्या कारखान्यातून सुटला की सायकल स्वतःच्या घरी न नेता आधी तिच्या कुडाला टेकवायचा आणि "आक्का, बांगडे बरे दिसले" म्हणत पिशवी पुढं करायचा. दुसऱ्या दिवशी मधला कोंडीराम हजर. कर्जतच्या रेल्वे यार्डात सांधेवाला म्हणून उभी हयात घालवलेला हा माणूस बोलायला मुलखाचा कंजूष. तो मुकाट्यानं शिडी लावून तिच्या छपराची कौलं चाळायला लागायचा. आणि बुधाजीची बायको जानकी, जिनं वीस वर्षांत नणंदेच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, ती येऊन तिच्या डोक्याला तेल घालून गेली होती.

पुतळाबाईनं बांगडे खाल्ले, कौलं चाळून घेतली, तेल घालून घेतलं आणि सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "इचार करते."

विचार करायचा होता तो वाडीच्या डोक्यावरच्या माळाचा. बापाच्या मागं तो तिघांच्या नावावर लागला होता. नाचणी, वरी आणि गुरांचं गवत, एवढंच त्याचं उत्पन्न. पण एक्क्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात कर्जतच्या बाजारातला गजा दलाल मुंबईच्या एका शेठला घेऊन माळ बघून गेला. झाडं काढायची, चढ सपाट करायचा, डांबरी रस्ते टाकायचे आणि बंगल्यांचे प्लॉट पाडायचे, असा शेठचा बेत होता. बुधाजीला विकायचं होतं, कारण पोराला टेंपो घेऊन द्यायचा होता. कोंडीरामला विकायचं नव्हतं. कारण विचारलं तर तो "नाय म्हंजे नाय" एवढंच म्हणायचा. राहिला पुतळाबाईचा अंगठा.

पुतळाबाईची खरी अडचण कुणालाच माहीत नव्हती. तिचं घर वाडीत सगळ्यांत खाली, ओढा नदीकडं वळतो त्या वळणावर होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली तेव्हा भावांच्या घरात न राहता तिनं ते स्वतःच्या हातानं उभं केलं होतं. ओढ्याच्या पुरात ते राहिलं नाही, तर एकतर कोंडीरामच्या पडवीत पथारी नाहीतर जानकीच्या चुलीसमोर ताट, दोनच वाटा. जानकीच्या हातचं तेल एकदा ठीक होतं. रोजचं जेवण तिच्या हातचं खायची पुतळाबाईची तयारी नव्हती.

अशात कोंडीरामची सुंदरा सुट्टीला आली. ती पुण्याला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची. आई लहानपणीच गेली. तिला पुतळाबाईनंच वाढवलं होतं. म्हणून आत्याशी बोलताना ती भीडभाड ठेवत नसे.

आल्या संध्याकाळी माळाचा विषय निघाला तशी तिनं विचारलं, "काका, माळ सपाट झाल्यावर ओढ्याला पाणी किती येईल, ते कुणी बघितलंय का?"

"ऐका!" बुधाजी हसला. "जे अजून झालंच नाय, ते बघायचं कसं गं?"

"लहान करून बघायचं."

पुण्याजवळ एका ठिकाणी इंजिनेरांनी जमिनीवर अख्खी नदी छोटी करून बांधलेली तिनं पाहिली होती. दुसऱ्या दिवसापासून वाडीतली सगळी पोरंटोरं तिच्या मागं माळावर. प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरायचं, नळीची दोन टोकं लांब धरायची, पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीला थांबतं, त्यावरून जमीन किती चढली ते ओळखायचं, असं ती त्यांना शिकवत होती. मग खाचरातली माती आणून कोंडीरामच्या अंगणात बैलगाडीएवढा डोंगर उभा राहिला. माळावर हरळीची ढेपळं लावली, मधून दोन बोटं रुंद ओढा काढला. घरं म्हणजे रिकाम्या काड्यापेट्या. चिंचेखालची विहीर म्हणजे बामच्या डबीचं झाकण.

सुंदरानं भाजीच्या वाफ्याची झारी घेतली आणि माळावर पाऊस पाडला. पाणी हरळीत शिरलं, जरा वेळानं ओढ्यात झिरपलं आणि शहाण्यासारखं खाली गेलं.

"पाऊस किती पडला?"

"झारीभर!" पोरं ओरडली.

"आणि बाकीचं पाणी कुठं गेलं?"

"मुरलं!"

मग तिनं हरळी उपटून काढली आणि माळ शेणमातीनं गुळगुळीत सारवला. "हे बंगले, हे रस्ते. आता पाऊस किती पाडायचा?"

"तेवढाच!"

तेवढाच पाडला. पण या वेळी पाणी कुठं थांबलंच नाही. सारवणावरून घसरत आलं, ओढ्यात मावेना झालं, आणि वळणावरची काड्यापेटी उचलून थेट कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत घेऊन गेलं.

"पुतळाआजी बुडाली! पुतळाआजी बुडाली!" पोरं नाचायला लागली.

सगळ्यांत मोठ्यानं पुतळाबाईच हसली. मात्र हसता हसता तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला होता.

बुधाजीला ते अजिबात आवडलं नाही. "मातीच्या खेळावर जमिनीचे सौदे होत नसतात."

"मग घाबरतोस कशाला?" कोंडीराम म्हणाला. एवढं लांब वाक्य तो बऱ्याच दिवसांनी बोलला होता. "उद्या गजासमोर परत होऊ दे. ज्यानं त्यानं आपलं घर आपल्या हातानं ठेवायचं. मग बोल."

ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरानं डोंगर नव्यानं लिंपला, माळ सारवला, प्रत्येकानं येऊन आपापली काड्यापेटी जागेवर ठेवली. उन्हं कलली की गजा येणार होता. तोवर डोंगर वाळायला ठेवून सुंदरा पोरांना घेऊन नदीवर गेली, आणि वाडीत दुपार पडली.

दुपारी वाडी झोपते. पुतळाबाई झोपली नाही. पदराखाली चिकणमातीचा गोळा लपवून ती कोंडीरामच्या अंगणात आली, इकडं तिकडं बघितलं आणि खाली बसली. आपली काड्यापेटी उचलली, तिच्याखाली चांगलं चार बोटं उंचीचं जोतं घातलं, कडेनं दाबलं, पेटी परत वर ठेवली आणि मान तिरकी करून बघितलं. घर आता राजगडावर बसल्यासारखं दिसत होतं. तिनं जरासं चेपून किल्ल्याचं टेकाड केलं आणि उठणार, तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

न्हाणीला झावळ्यांचा आडोसा होता. पुतळाबाई त्याच्या आत शिरली आणि ओल्या दगडावर बसून फटीतून बघायला लागली.

जानकी आली. तिच्याही पदराखाली काहीतरी होतं. तिनं आपल्या घराच्या ओढ्याकडच्या अंगाला सुबक बांध घातला. मग समोरच्या काठावरच्या कोंडीरामच्या घराकडं बघितलं, ओठ दाबले आणि आपला बांध आणखी एक बोट चढवला. थोरल्या दिराच्या घरापेक्षा आपलं घर वर दिसलं तेव्हा तिचं समाधान झालं. हात पुसून गेली.

पुतळाबाईनं पदर तोंडात कोंबला.

ती बाहेर पडणार तोच बुधाजी. नवऱ्याला बायकोचा पत्ता नव्हता, बायकोला नवऱ्याचा. त्यानं घराकडं बघितलंही नाही. त्याला पूर यायलाच नको होता, म्हणून त्यानं सरळ ओढ्यात तर्जनी घातली आणि वरपासून ओढा खोल उकरत आणला. चिंचेपाशी, विहिरीजवळ आला आणि घरातून कोंडीरामचा खोकला ऐकू आला. बुधाजीनं बोट काढलं आणि तो पळाला. कारखान्यातल्या भोंग्यालाही तो असा कधी पळाला नसेल.

आता कोंडीराम. हा माणूस! उभ्या जन्मात एक सांधा चुकीचा ओढला नाही म्हणून रेल्वेनं ज्याला शाल दिली, तो कोंडीराम. हातात पाण्याचा तांब्या. पूर नाही आला तर बुधाजी जिंकणार, या भीतीनं त्यानं ओल्या तळव्यानं माळ असा घोटला की त्यात तोंड दिसावं. मग तो निघाला, दोन पावलं गेला, थांबला. परत आला. आजूबाजूला बघून आपल्याही काड्यापेटीपुढं त्यानं चिमूटभर बांध घातला.

पुतळाबाई न्हाणीच्या दगडावर आडवी झाली होती. हसू आवरताना तिला उचकी लागली, आणि उचकी लागल्यावर तर आणखीच हसू यायला लागलं.

उन्हं कलली तसा गजा आला. पांढरा सफारी, खिशाला पेन, पायात चामड्याचे बूट. त्याला खाट दिली, चहा दिला. पोरं गोल करून बसली. तिन्ही भावंडं तीन कोपऱ्यांना. मातीकडं कुणीच फार वेळ बघत नव्हतं. आपण केलेलं लपवायच्या नादात दुसऱ्यानं केलेलं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुंदरा पोरांना गप्प बसवण्यात गुंतलेली.

"घरं जागेवर हायत ना?" कोंडीरामनं विचारलं.

"हायत," सगळे एकदम म्हणाले. जरा जास्तच एकदम.

सुंदरानं झारी उचलली.

पाणी माळावर पडलं आणि काचेवरून निघावं तसं निघालं. ओढ्याच्या वरच्या अंगाला बुधाजीनं उकरलेल्या खोल चरीत ते दणक्यात उतरलं. डावीकडं कोंडीरामचा बांध, उजवीकडं जानकीचा. बाजूला पसरायला जागाच नाही. सगळं पाणी एकवटून चिंचेपाशी आलं. तिथं चर संपली होती. पुढचा ओढा उथळ. पुढं पुतळाबाईचं टेकाड आडवं. पाणी क्षणभर अडलं, फुगलं, आणि आडव्या अंगानं विहिरीवर गेलं. बामच्या डबीचं झाकण चिखलाखाली दिसेनासं झालं.

सगळी घरं कोरडी. काड्यापेटीची एक कड भिजली नव्हती.

"हां!" बुधाजी उठलाच. "बघा! बुडलं का कोण? बुडलं का?"

सुंदरा मात्र तशीच बसून होती. "असं कसं? काल पाणी विहिरीकडं फिरकलंसुद्धा नव्हतं." ती वाकली. तिनं ओढ्यात बोट घातलं. मग जानकीच्या बांधावर. मग एकेकाकडं बघायला लागली. "कुणी हात लावला?"

कोंडीराम आभाळाकडं बघत होता. जानकी पोराचं नाक पुसत होती, आणि ते पोर तिचं नव्हतं.

पुतळाबाईला असा मोका जन्मात परत मिळाला नसता.

"मी सांगू?" ती म्हणाली. "ओढा उकरला तो तुझ्या काकानं. बोटानं. नखात बघ, अजून माती असंल. हा बांध जानकीचा. पयला बरा होता, मग कोंड्याच्या घराकडं बघून बोटभर वाढिवला."

"आक्का!" जानकी किंचाळली.

"तुमी उकरला?" आणि "तू बांध घातलास?" असं नवराबायको एकमेकांना एकाच वेळी विचारत होती.

"आणि माळ घोटला तो तुझ्या बापानं. शाल मिळालेल्या बापानं."

कोंडीरामचे कान लाल झाले. "पूर यायलाच पायजे होता, म्हणून जरा..."

"आणि घरापुढचा बांध? तोही पूर यायला?"

पोरांत खसखस पिकली. गजा चहा पिता पिता ठसकला. पुतळाबाई मांडीवर थाप मारून हसत असताना सुंदरा शांतपणे म्हणाली, "आणि आते, तुझ्या घराखाली हे चार बोटं जोतं कुणी घातलं?"

आता हसायची पाळी बाकीच्यांची होती, आणि त्यांनी ती सोडली नाही. बुधाजी तर खाली बसून हसला. भाऊ भाऊ एकमेकांकडं बघून हसले, असं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच घडत होतं.

हसं ओसरल्यावर कोंडीराम खाली बसला आणि बांध पुसायला लागला. "चुकलं. परत मांडू."

"नाही बाबा, पुसू नका." सुंदरानं त्याचा हात धरला. "असूच दे. मी डोंगराचा चढ मोजला, ओढा मोजला. पण वरचा माळ गेल्यावर खाली तुम्ही काय काय कराल, ते मी धरलंच नव्हतं. पहिल्या पावसात काका ओढा उकरणार, काकू बांध घालणार, आते जोतं चढवणार. ज्याला त्याला आपलं दार कोरडं पाहिजे. मग पाणी जाणार कुठं? जिथं कुणाचं दार नाही तिथं. विहिरीला कुणी बांध घातला का?"

कोणी घातला नव्हता. विहीर सगळ्यांची होती.

"म्हंजे खोटं करायला गेलो," कोंडीराम हळूच म्हणाला, "आणि ते खरं झालं."

गजानं कपबशी खाली ठेवली. धंद्यातला माणूस, कुठं बोलायचं हे त्याला कळत होतं. तो वळला तो पुतळाबाईकडं.

"आक्का, मी काय म्हणतो. सगळ्यांत खाली तुमचं घर. तेच जर कोरडं राह्यलं, तर तुमाला काळजी कसली? शेठला सांगून दगडी जोतं बांधून देतो. कंबरेएवढं. तुमच्या नातवंडांच्या काळात पण पाणी लागायचं नाय."

पुतळाबाईचं हसू थांबलं. हेच तर तिला हवं होतं. दगडी जोतं, आपलं दार, आपली किल्ली. ना कोंडीरामची पडवी, ना जानकीचं ताट. तिनं आपल्या काड्यापेटीकडं बघितलं. ती टेकाडावर ऐटीत बसली होती, आणि तिच्या मागं चिखलात झाकणाची जागासुद्धा ओळखू येत नव्हती.

सगळे तिच्याकडं बघत होते. महिनाभर जिला सगळ्यांनी फिरवून फिरवून विचारलं, तिला आता कोणी काही विचारत नव्हतं.

"आणि हिरीचं काय?" ती म्हणाली.

"हिरीचं कसलं घेऊन बसलाय आक्का! वर शेठ मोठी टाकी बांधणार हाय. एक नळ खाली वाडीला सोडू की. घरबसल्या पाणी."

"बरं हाय. आणि नळाची चावी?"

"चावी वर. टाकीपाशी. वॉचमनकडं."

"म्हंजे तो सोडंल तवा."

"सकाळ-संध्याकाळ सोडणारच की. एखाद दिवशी इसरला तर एक हाळी द्यायची खालनं."

गजा कर्जतचा. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. पण वाडीत ते सगळ्यांना माहीत होतं. ही विहीर झाली नव्हती तेव्हा वाडीच्या बायका वरच्या गावाच्या विहिरीखाली घागरी मांडून उन्हात उभ्या राहायच्या. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. बौद्ध दीक्षा घेतल्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात वाडीतल्या पुरुषांनी चिंचेखाली सुरुंग लावून कातळ फोडला. तेव्हा उडालेला धोंडा पोरसवदा बुधाजीच्या पायावर पडला होता. थंडीत तो पाय अजून दुखतो.

पहिली बोलली जानकी, आणि ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"मी नाय कोणाला हाळी द्यायची," ती नवऱ्याला म्हणाली. "टेंपो घ्या, इमान घ्या, काय पायजे ते घ्या. पाण्यासाठी मी खाली उभी ऱ्हाऊन वर बघायची नाय. सांगून ठेवते."

"अगं पण..."

"तुमचा पाय काय उगाच मोडला व्हता?"

बुधाजीनं पुढं होऊन चिखलात बोट घातलं आणि चाचपडून बामच्या डबीचं झाकण वर काढलं. शर्टाला पुसलं. परत जागेवर ठेवलं.

"गजाभाऊ," तो म्हणाला, "चा झाला का?"

गजाला कळलं. तो उठला, सफारी झटकला, पण जाता जाता हसला. "तुमची मर्जी. पण एक सांगतो आक्का, तुमच्या तुकड्यावाचून शेठचं अडत नाय. तुमच्या वरचा पाटलांचा माळ ह्याच्या चौपट. अंबाबाईंशी बोलणं झालंय. परवा सही. मग पाणी तुमाला इचारून येणार हाय का?"

फटफटी गेली. सुंदरानं डोंगराकडं बघितलं. त्यांचा माळ तळहाताएवढा होता. वरचा अंबाबाईंचा, ताटाएवढा.

"गेलंच की मग सगळं," कोंडीराम म्हणाला.

"थांब जरा," पुतळाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत दुपारचं तेज परत आलं होतं. "अंबाबाईला इथं आणायला पायजे."

"इथं? वाडीत?" बुधाजी म्हणाला. "पाटलीण कधी ओढा उतरली नाय, आक्का. आपल्या कोणाच्या लग्नाला नाय आली."

"लग्नाला बोलावणं करायचो आपण. तिथंच चुकत होतं."

सकाळी ती वरच्या गावात गेली. अंबाबाई पडवीत सुपारी कातरत बसली होती. पुतळाबाईच्याच वयाची, विधवा, पाटलांची सगळी जमीन तिच्या एकटीच्या नावावर.

"का गं पुतळे?"

"काय नाय पाटलीणबाय. आमच्या सुंदरानं अंगणात सगळा गाव मांडलाय, मातीचा. लोकं बघून जातायत. मला वाईट वाटलं, म्हणून सांगाय आली."

"वाईट कशापायी?"

"तुमचं घर काड्यापेटीएवढं केलंय. आमच्या जानकीच्या घराएवढंच. मी म्हटलं, अगं पाटलांचं घर हाय ते. पण आजकालच्या पोरी ऐकतात कुठं?"

अडकित्ता थांबला. पुतळाबाई तिथं मुळीच रेंगाळली नाही.

ऊन डोक्यावर यायच्या आत काळी छत्री ओढा उतरताना दिसली. अंबाबाई अंगणात येऊन उभी राहिली, कुणाशी न बोलता डोंगराभोवती फिरली आणि छत्रीच्या टोकानं दाखवून म्हणाली, "हे माझं?"

"हो," सुंदरा म्हणाली.

"आणि हे जानकीचं? सारखंच?" मग सुंदराकडं हात केला. "आणखी एक पेटी आण."

सुंदरानं दुसरी पेटी आणली आणि पहिलीला चिकटवून ठेवली. अंबाबाईनं ती स्वतः सरळ केली. "हां. आता दिसतंय घर." मग ती खाटेवर बसली. "आणि हे पाण्याचं काय करता म्हणे? करा बघू."

सुंदरानं काहीही लपवलं नाही. आपल्या माळावर हरळी लावली होती, अंबाबाईचा माळ सारवलेला. खालचे सगळ्यांचे बांध होते तसेच. झारी धरली. पाणी वरच्या सारवणावरून धावत आलं, थोडं हरळीत मुरलं, बाकीचं चरीत घुसलं आणि चिंचेपाशी आडवं होऊन झाकणावर गेलं.

"माझं घर कोरडं," अंबाबाई म्हणाली.

"कोरडंच राहील," सुंदरा म्हणाली. "तुमचं घर वर आहे. तुम्हाला काही होणार नाही."

बुधाजीनं कपाळाला हात लावला. पुतळाबाईलाही क्षणभर वाटलं की, पोरीला थोडं खोटं बोलायला शिकवायचं राहूनच गेलं. आपण पाटलिणीला इथवर आणलं ते तिला तिचं घर सुखरूप आहे हे दाखवायला!

अंबाबाई उठली नाही. ऊन तापलं होतं, पायवाटेचा चढउतार तिला लागला असावा. तिनं पदरानं मान पुसली, इकडं तिकडं बघितलं आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "जरा पाणी."

जानकी जागच्या जागी थिजली. पुतळाबाई आत गेली, तांब्या भरून आणला आणि खाटेच्या कडेला ठेवला. हातात दिला नाही. घ्यायचं तर घे, नाहीतर राहू दे.

अंबाबाईनं तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि मधे न थांबता रिकामा केला.

"गोड हाय," ती म्हणाली. "आमच्या हिरीचं औंदा मचूळ झालंय. कुठलं हे?"

पुतळाबाईनं हनुवटीनं चिखलाकडं दाखवलं.

अंबाबाईनं तिकडं बघितलं. झाकण दिसत नव्हतं. फक्त तिच्या माळावरून आलेलं गढूळ पाणी त्या जागी साचलं होतं आणि त्यात एक मुंगी पोहत होती.

"तो गजा उद्या यायचाय," ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडं जाताना इथनंच जाईल. त्याला सांगा, अंबाबाईचं पाणी पिऊन व्हायचंय अजून."

"म्हंजे कधी येऊ, असं इचारलं तर?" बुधाजीनं भीत भीत विचारलं.

"तान भागंल तवा." आणि तिनं तांब्या पुढं केला. "आण गं पुतळे, आणखी."

"आणते की," पुतळाबाई म्हणाली. तिनं तांब्या घेतला, मांडीवर ठेवला, पदराचं टोक ओलं करून त्यावरचा मातीचा डाग नीट पुसला. सुंदरा डोळे वटारत होती, जानकी कोपरानं ढोसत होती. पुतळाबाई बसल्या जागेवरून हलली नाही. बसू दे पाटलिणीला घडीभर उन्हात. एवढी घाई कसली आहे?